आपल्या वस्तीचा नकाशा आपण काढावा

संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा संस्थेच्या वाटचालीविषयी लिहावे असे प्रथम मनात आले. परंतु तो विषय आमची ज्येष्ठ मंडळी अधिक अधिकाराने मांडतील. मी इतिहासाचा शिक्षक. वरच्या वर्गांना इतिहास आणि सहावी-सातवीला इतिहासासोबत भूगोलही शिकवतो. वर्गातल्या एका लहानशा उपक्रमाविषयी आणि त्यामागील माझ्या आग्रहाविषयी येथे लिहीत आहे. मुलांनी आपल्या वस्तीचा नकाशा स्वतः मोजून काढावा, एवढाच तो उपक्रम आहे. तो भूगोलाच्या तासापुरता मर्यादित नाही, असे माझे मत आहे.

याची सुरुवात माझ्याच एका चुकीतून झाली. काही वर्षांपूर्वी सहावीच्या मुलांना मी ‘शाळेपासून तुमच्या घरापर्यंतचा मार्ग काढा’ असा स्वाध्याय दिला. वसतिगृहातील दूरच्या मुलांनी कांदिवली स्थानकापासून आपल्या गावाच्या एस.टी. थांब्यापर्यंत रेघ ओढली. शनिवारी घरी जाणाऱ्या इथल्याच मुलांपैकी एकाने मात्र काळजीपूर्वक चित्र काढले होते. त्यात आकुर्ली रोड होता, पश्चिम द्रुतगती महामार्गावरचा पूल होता, उंच इमारती होत्या. टेकडीच्या पायथ्याशी रस्ता संपला आणि तेथेच त्याची पेन्सिलही थांबली. मी विचारले, “घर कुठे आहे रे?” तो म्हणाला, “सर, तिथे दाखवण्यासारखं काही नाही.”

इतरांच्या वह्या पाहिल्या. दोघांनी एक चौकोन काढून त्यात ‘झोपडपट्टी’ एवढेच लिहिले होते. ज्या वस्तीत पाच-सहा हजार माणसे राहतात, जेथे त्यांच्या आईला पाण्याच्या वेळा तोंडपाठ आहेत आणि आजोबांनी वर्गणी काढून विहार उभारले आहे, ती वस्ती त्यांच्या हातून एका चौकोनात बंद झाली होती. दोष मुलांचा नव्हता. इतकी वर्षे मी त्यांना केवळ छापील नकाशे दाखवले होते आणि त्या नकाशांत त्यांची जागा बहुधा कोरीच होती. कोऱ्या जागेत काही नसते, हा धडा मी न शिकवताही ती शिकली होती.

तेव्हापासून मी नकाशाचा पाठ उलट क्रमाने शिकवू लागलो. आधी सांगतो की नकाशा आकाशातून पडत नाही. तो कुणीतरी, कुठेतरी बसून, कशासाठी तरी काढलेला असतो. हे पटवण्यासाठी प्राचीन नकाशांसारखे दुसरे साधन नाही.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बॅबिलोनची एक मातीची पाटी आहे. तळहातावर मावेल एवढी. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे स्थूलमानाने भगवान बुद्धांच्या काळाच्या आसपासची. तिच्यावर साऱ्या जगाचा नकाशा कोरलेला आहे. वर्तुळाकार पृथ्वी, भोवती समुद्राचे कडे, मधून वाहणारी युफ्रेटिस नदी आणि त्या नदीवर ठळक आयतात बॅबिलोन शहर. शेजारची राज्ये मात्र लहानलहान गोळ्यांनी दाखवली आहेत. मी मुलांना एवढेच विचारतो, “हा नकाशा काढणारा कुठला असेल?” उत्तर एका क्षणात येते.

पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील टॉलेमीकडे आम्ही वळतो. अलेक्झांड्रियात बसून त्याने सुमारे आठ हजार स्थळांचे अक्षांश-रेखांश नोंदवले. त्यांत आपले सोपारा आहे, नाशिक आहे, पैठण आहे. पण तो भारतात आला नव्हता. खलाशी व व्यापारी यांच्याकडून ऐकलेल्या माहितीवर त्याची भिस्त होती. म्हणून त्याच्या आकड्यांवरून नकाशा काढला की भारताचे द्वीपकल्प जवळजवळ नाहीसे होते आणि श्रीलंका अवाढव्य दिसते. विद्वत्ता मोठी असली, तरी न चालता काढलेल्या नकाशात अशी चूक राहते. इ. स. ११५४ मध्ये सिसिलीच्या राजासाठी अल् इद्रिसीने केलेल्या नकाशात दक्षिण दिशा वर आहे. तो पाहिला की मुले गोंधळतात, वही उलटी धरतात आणि मग त्यांना हसू येते. उत्तर वर असणे ही निसर्गाची आज्ञा नसून माणसांनी मान्य केलेली पद्धत आहे, हे त्या हसण्यात त्यांना कळते. ज्या समाजाला हजारो वर्षे ‘वर कोण, खाली कोण’ हे निसर्गसिद्ध म्हणून सांगितले गेले, त्या समाजाच्या मुलांना हे कळणे मी लहान गोष्ट मानत नाही.

आपल्या कांदिवलीला तर नकाशाचे धडे शोधायला लांब जावे लागत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. तेथील दानलेख मी सहलीत मुलांना नकाशा म्हणून वाचायला लावतो. दाता आपले नाव सांगतो, व्यवसाय सांगतो आणि आपण कुठले हेही सांगतो. कल्याणच्या सोनाराने पाण्याची पोढी दिली, कल्याणच्याच लोहाराने वाट करून दिली, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याने पोढी दिली. ही गावे मुलांनी कागदावर मांडली की खाडी, बंदरे, घाट आणि लेणी यांना जोडणारे व्यापारी व धम्माचे मार्ग आपोआप दिसू लागतात. आपल्या शेजारच्या मागाठाण्याचे नाव अभ्यासकांनी कान्हेरीच्या लेखातील ‘मंगलठाण’शी जोडले आहे. मागाठाण्याची बौद्ध लेणी आज घरांच्या गर्दीत दडली आहेत. बसथांब्यावरील पाटीत हे नाव रोज वाचणाऱ्या कितीजणांना ती ठाऊक आहेत?

जागा नेमकी नोंदवून ठेवण्याचे मोल बौद्धांइतके दुसऱ्या कुणाला कळणार? श्रावस्ती, कुशीनगर, नालंदा ही नावे आपण वंदनेच्या आदराने घेतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांची नेमकी स्थाने जगाच्या विस्मरणात गेली होती. अलेक्झांडर कनिंगहॅमने ती शोधली, तेव्हा त्याच्या हाती फाहियान आणि ह्युएन त्संग या चिनी भिक्खूंची प्रवासवर्णने होती. अमुक नगरापासून अमुक दिशेला इतके ‘ली’ चालल्यावर विहार लागतो, अशी त्यांची नोंद. १८६३ मध्ये सहेठ-महेठ येथे उत्खननात श्रावस्तीचे नाव कोरलेली बोधिसत्त्वाची मूर्ती सापडली आणि त्या शोधाला बळ मिळाले. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी एका भिक्खूने पावलांचा हिशोब प्रामाणिकपणे ठेवला, म्हणून आपली तीर्थे आपल्याला परत मिळाली. सोपाऱ्याचा स्तूप १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन करून उजेडात आणला. तो आपल्याच लोकल मार्गावर आहे.

आता अधिक कठीण गोष्टीकडे येतो. आपल्या गावांचा नकाशा कोणी आखला होता? गावठाण मध्ये, वेशीच्या आत पाटील-कुलकर्ण्यांचे वाडे, पाणवठे वेगळे आणि गावकुसाबाहेर महारवाडा, मांगवाडा. हा नकाशा कागदावर नव्हता, तरी तो मोडणाऱ्याला शिक्षा होती. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा त्यांनी हाच न लिहिलेला नकाशा पुसला, असे मी मुलांना सांगतो.

यातली विसंगती इतिहासाच्या विद्यार्थ्याला अस्वस्थ करते. गावगाड्यात शीव राखण्याचे आणि दाखवण्याचे काम महाराकडे होते. दोन गावांत हद्दीचा तंटा झाला की त्याची साक्ष मोलाची मानली जाई. कोणता दगड कोणाचा, ओढा पूर्वी कुठून वाहत होता, बांध कधी सरकला, हे सारे त्याच्या पायांना ठाऊक होते. गावाच्या भूमीचे सर्वांत नेमके ज्ञान ज्याच्याजवळ होते, त्याचेच घर गावाबाहेर होते. त्या ज्ञानाचा मोबदला म्हणून त्याला वतनाची गुलामी मिळाली. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, ते ही गुलामी तोडण्यासाठी. म्हणून आमची मुले मोजणीची दोरी हातात घेतात तेव्हा ती काही नवखे काम शिकत नाहीत, असे मला वाटते. त्यांच्या पणजोबांकडे असलेली विद्या ती परत घेत असतात. फरक एवढाच की या वेळी नकाशाखाली सही त्यांची असते.

बाबासाहेब स्वतः नकाशा किती बारकाईने वाचत, याकडेही आपले लक्ष कमी जाते. १९४० च्या ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’मध्ये आणि १९५५ च्या ‘थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स’मध्ये त्यांनी नकाशे जोडले आहेत. लोकसंख्येचे आकडे आणि सीमारेषा शेजारी ठेवून ते प्रश्न विचारतात. रेघ कुठून गेली की कोण अल्पसंख्य ठरेल, ही त्यांची दृष्टी होती.

प्रत्यक्ष काम कसे चालते, ते थोडक्यात सांगतो. प्रथम प्रत्येक मूल आपले पाऊल मोजते. मैदानावर वीस मीटरची दोरी ताणून चार वेळा चालायचे, पावले मोजायची आणि सरासरी काढायची. या वेळी मी नैनसिंग रावत यांची गोष्ट सांगतो. कुमाऊँचा हा शाळामास्तर १८६५-६६ मध्ये ल्हासापर्यंत पायी गेला. तिबेटमध्ये मोजणीला बंदी होती. म्हणून त्याच्या हातातील माळेत १०८ ऐवजी १०० मणी होते आणि दर शंभर पावलांनी तो एक मणी ओढत असे. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी नोंदींचे कागद दडवलेले होते. ते काम इंग्रज सरकारसाठी होते, हेही मी लपवत नाही. नकाशा कोणासाठी काढला, हा प्रश्न तेथेही विचारायचाच असतो. पण अंतर मोजायला माणसाचे पाऊल पुरते, हे मुलांच्या मनावर ठसते.

मग दिशा. मैदानात काठी उभी करून तिची सर्वांत आखूड सावली कधी पडते ते पाहायचे. ती रेघ उत्तर-दक्षिण. त्यानंतर चार-पाच जणांची तुकडी, पुठ्ठ्यावर कागद, एकाने चालायचे, एकाने लिहायचे, एकाने विचारायचे. दहा पावलांना एक सेंटिमीटर असे प्रमाण. खुणांची सूची मुलांनी स्वतः ठरवायची. नळ, सार्वजनिक शौचालय, अंगणवाडी, रेशन दुकान, विहार, पिंपळ, विजेचा डबा, रात्री अंधार असलेली जागा. शेवटची खूण मुलींनी सुचवली होती. मला ती सुचली नसती. शौचालयाच्या वाटेवर दिवा नाही, ही गोष्ट त्यांच्या नकाशात काळ्या ठिपक्यांनी आली आणि पुढे वस्तीच्या महिला मंडळाने तोच कागद घेऊन दिव्यासाठी अर्ज केला.

पोईसर नदीच्या काठच्या मुलांना मी २६ जुलै २००५ विषयी घरी विचारायला सांगितले. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. ‘आपल्या गल्लीत पाणी कुठपर्यंत आले होते?’ हा एकच प्रश्न. आजी-आजोबांनी भिंतीवर हात ठेवून उंची दाखवली, मुलांनी ती मोजून नकाशावर निळी रेघ ओढली. ती मुले तेव्हा जन्मलीही नव्हती. पूर पुन्हा आला तर कोणत्या गल्लीतून बाहेर पडायचे, हे आज त्यांना ठाऊक आहे.

आणि दामूनगर. ७ डिसेंबर २०१५. आदल्या दिवशी महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीवर अभिवादन करून परतलेली अनेक कुटुंबे त्या दुपारी रस्त्यावर आली. सिलिंडरचे स्फोट होत गेले, शेकडो घरे जळाली. टेकडीचा चढ आणि अरुंद गल्ल्या यांमुळे आगीपर्यंत पाणी पोहोचवणे कठीण झाले. घरांबरोबर रेशनकार्डे, दाखले, मुलांची गुणपत्रके गेली. आपण येथे राहत होतो, हे सिद्ध करण्याची वेळ माणसांवर आली. झोपडपट्टी पुनर्वसनात ‘परिशिष्ट दोन’मध्ये नाव असणे म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या अनेक वाचकांना मी समजावून सांगण्याची गरज नाही. मुलांनी काढलेला नकाशा कायद्याचा पुरावा ठरत नाही, याची मला जाणीव आहे. परंतु प्रत्येक गल्ली, प्रत्येक वळण आणि बाहेर पडण्याची प्रत्येक वाट ज्या वस्तीतील मुलांनी मोजली आहे, ती वस्ती संकटात आणि कार्यालयात अधिक ठामपणे बोलू शकते.

या उपक्रमावर काही पालकांनी आक्षेप घेतले. त्यांचा मी आदर करतो. एक म्हणाले, “सर, मोबाइलमध्ये नकाशा असतो. मुलांना उन्हात कशाला फिरवता?” मोबाइलचा नकाशा उपयुक्तच आहे, मीही वापरतो. पण वाहन जेथे थांबते तेथे बहुधा तोही थांबतो. पुढच्या बोळात शिरताना रिक्षावाल्याला अजून आपण तोंडीच सांगतो, ‘पिंपळाच्या डाव्या हाताने’. शिवाय तयार नकाशा पाहणारा मार्ग शोधतो, तर नकाशा काढणारा प्रश्न शोधतो. दुसरा आक्षेप माझ्या जिव्हारी लागला. एक आई म्हणाल्या, “आम्ही गटाराशेजारी राहतो, हे साऱ्या शाळेला कशाला दाखवायचं? त्यातून बाहेर पडावं म्हणून तर पोराला इथं ठेवलंय.” त्यांचे दुःख खरे आहे. त्या दिवसापासून मी नियम केला की कोणत्याही मुलाने आपले घर दाखवण्याची सक्ती नाही. नकाशा वस्तीचा काढायचा. पण मी त्या माउलींना एवढेच म्हणालो की, गटार तेथे आहे यात तुमच्या मुलाचा अपराध नाही. ते उघडे का आहे, हा प्रश्न विचारायला तो शिकला तर लाज योग्य पत्त्यावर जाईल.

एक कबुली देणेही आवश्यक आहे. एका वर्षी सातवीच्या तुकडीने सुंदर नकाशा केला. विहार, बाबासाहेबांचा पुतळा, पंचशील ध्वज ठळक रंगात. सर्वांनी कौतुक केले. टेकडीच्या कडेला आदिवासी पाडा आहे, तेथे मात्र नुसता हिरवा रंग दिला होता. जणू फक्त झाडे. मी विचारले तर मुले म्हणाली, “तिथे आमचं कुणी राहत नाही.” बॅबिलोनच्या पाटीची मला आठवण झाली. ज्यांना दुसऱ्यांच्या नकाशात कोरी जागा मिळाली, त्यांच्याही हातून कोरी जागा सुटू शकते. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या पाड्यावर गेलो, तेथील मुलांना सोबत घेतले आणि नकाशा नव्याने काढला. माझ्या मते त्या वर्षीचा तोच खरा पाठ होता. तथागतांनी कालामांना, केवळ परंपरेने आले म्हणून वा ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नका, असा उपदेश केला. छापील नकाशाला तो लागू आहे आणि आपल्या हातच्या नकाशालाही.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. त्याचे स्वागत आहे. कांदिवलीत समतानगर व क्रांतीनगर ही नावे आपल्याला पूर्वीपासून परिचित आहेत. पण पाटी बदलली तरी पाण्याची वाहिनी, रस्त्याची रुंदी, शाळेचे आरक्षण हे सारे विकास आराखड्यावर ठरते. २०१५ मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, त्यात असंख्य चुका निघाल्या आणि तो दुरुस्तीसाठी मागे घ्यावा लागला. हे घडले ते नागरिकांनी नकाशे वाचून हरकती व सूचना नोंदवल्या म्हणून. त्या हरकतींमध्ये आपल्या वस्त्यांतून गेलेल्या किती होत्या, हा प्रश्न आपण स्वतःलाच विचारला पाहिजे. शिकलेल्यांवर बाबासाहेबांनी जी जबाबदारी टाकली, तिचा हा आजचा अर्थ आहे. पुढचा आराखडा येईल तेव्हा आज सहावीत असलेली मुले प्रौढ नागरिक असतील. त्यांना प्रमाण, सूची आणि दिशा वाचता आली पाहिजे.

म्हणून शेवटी एक विनंती. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी आज अभियंते आहेत, कोणी भूमापन खात्यात, कोणी महापालिकेत आहेत. वर्षातून एक रविवार शाळेला द्यावा. मुलांनी पावलांनी मोजलेले अंतर तुमच्या साधनांनी तपासून द्यावे आणि चूक कुठे झाली ते त्यांना समजावून सांगावे. पालकांनी दिवाळीच्या सुट्टीत मुलाला गावी न्याल तेव्हा त्याला शिवेपर्यंत चालवत न्यावे; आजोबांना कोणते दगड आणि कोणते ओढे ठाऊक आहेत, ते लिहून घ्यायला सांगावे. संस्थेने या नकाशांसाठी ग्रंथालयात एक कपाट राखून ठेवावे. दरवर्षीचा नकाशा तेथे तारखेसह ठेवला, तर वीस वर्षांनी आपल्या वस्त्यांचा इतिहास लिहिणाऱ्याला दुसऱ्यांच्या दफ्तरांत हात जोडून उभे राहावे लागणार नाही.

टेकडीच्या पायथ्याशी थांबलेला तो मुलगा पुढे आपल्या गल्लीचा नकाशा काढून घेऊन आला. एकशे बारा घरे, तीन नळ, एक विहार, दोन बाहेर पडण्याच्या वाटा. तिसरी वाट भिंत घालून बंद झाली होती. तिथे त्याने लाल फुली मारली होती आणि खाली लिहिले होते, ‘ही उघडली पाहिजे.’ तो कागद अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. ती वाट अद्याप उघडलेली नाही.

जयभीम.